दोनदा टीबी, एकदाही जंतू नाही: एका मुलाच्या पांढऱ्या पेशींचं प्रकरण

(कुटुंबाची ओळख पटू नये म्हणून गाव, काळ आणि काही घरगुती तपशील बदलले आहेत. वैद्यकीय क्रम तसाच ठेवला आहे.)

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातलं ऊसपट्ट्यातलं गाव. दोन एकर ऊस, दोन म्हशी, गोठा घराला लागून. मुलगा पाच वर्षांचा, वजन तेरा किलो. पंधरा दिवसांचा ताप आणि उजव्या बरगडीखाली दुखतंय म्हणून तालुक्याच्या डॉक्टरांनी आमच्याकडे पाठवला होता. सोबतच्या चिठ्ठीत लिहिलं होतं: 'यकृतात गळू. पूर्वी गाठीचा टीबी. टीबीची औषधं पुन्हा सुरू केली आहेत.'

आईजवळ प्लॅस्टिकच्या पिशवीत जन्मापासूनचे सगळे कागद होते. ते तारखांप्रमाणे लावून घेतले. चौथ्या महिन्यात डाव्या काखेत, बीसीजीच्या बाजूला, गाठ सुजून फुटली आणि कित्येक महिने वाहत राहिली. पुढे डोक्यात आणि मांडीवर गळवं येत राहिली. अडीचाव्या वर्षी मानेत गाठी आल्या. त्यातली एक काढून तपासली, तेव्हा अहवालात 'ग्रॅन्युलोमा (पेशींचा दाट पुंजका), क्षयरोगाशी सुसंगत' असं आलं. सहा महिने औषधं झाली, गाठी कमी झाल्या, वजन मात्र वाढलं नाही. या सगळ्या कागदांत टीबीचा जंतू कुठेच दिसलेला नव्हता. सूक्ष्मदर्शकाखाली जंतू शोधणारी डागचाचणी निगेटिव्ह, जंतूचा डीएनए शोधणारी जीनएक्स्पर्ट निगेटिव्ह. कल्चर, म्हणजे जंतू वाढवून पाहणं, केलेलंच नव्हतं, कारण काढलेली गाठ पूर्णपणे फॉर्मेलिनमध्ये घातली होती. फॉर्मेलिनमधल्या ऊतीत जंतू वाढत नाहीत.

हे निष्काळजीपणाचं लक्षण मानायला मी तयार नाही. आपल्याकडे मानेतली गाठ आणि त्यात ग्रॅन्युलोमा म्हटल्यावर टीबी हेच पहिलं उत्तर असतं आणि बहुतेक वेळा ते बरोबरही निघतं. बीसीजीनंतर काखेत गाठ धडधाकट बाळांनाही येते. एकेक कागद सुटा वाचला तर कुठेच अडखळायला होत नाही.

अडचण

सोनोग्राफीत यकृताच्या उजव्या भागात सहा सेंटिमीटरचं गळू दिसलं, आत पडदेच पडदे. सुई घालून जेमतेम चमचाभर घट्ट पू निघाला. त्यात स्टॅफिलोकॉकस ऑरियस (स्टॅफ) हा जिवाणू वाढला. आपल्याकडे लहान मुलांच्या यकृतात स्टॅफचं गळू इतर दृष्टीने निरोगी मुलांतही होतं, त्यामुळे एवढ्यावरून काही ठरत नाही. पण बीसीजीची वाहती गाठ, ग्रॅन्युलोमा आणि स्टॅफचं गळू हे तिन्ही एकाच मुलात का, हा प्रश्न मात्र आता टाळण्यासारखा नव्हता.

प्रतिकारशक्तीची तपासणी आधी एकदा झाली होती. एचआयव्ही निगेटिव्ह, पांढऱ्या पेशी भरपूर, त्यांतल्या जंतू गिळणाऱ्या न्यूट्रोफिल पेशीही भरपूर, इम्युनोग्लोब्युलिन नेहमीपेक्षा जास्तच. कागदावर कुणीतरी 'प्रतिकारशक्ती उत्तम' असा शेरा मारून ठेवला होता. या चाचण्यांनी पेशी किती आहेत आणि प्रतिपिंडं किती आहेत ते सांगितलं. त्या पेशी जंतू मारतात का, हे कुणी विचारलंच नव्हतं.

कोंडी फुटली ती आजीमुळे. वॉर्डात वंशावळ काढायला बसलो तेव्हा बापाने 'दोनच मुलं, हा आणि धाकटी' असं सांगितलं होतं. आजी मध्येच म्हणाली, "आन् थोरली? ती गेली न्हवं तिसऱ्या वर्साला. तिलाबी अशीच गळवं यायची." तिच्या मृत्यूचा कागद नव्हता. गावात सगळे न्यूमोनियाने गेली म्हणत. पुढचा प्रश्न विचारल्यावर बाप जरा संकोचून म्हणाला, "मामाचीच मुलगी केलीय मी."

पेशीत काय बिघडतं

न्यूट्रोफिल जंतूला गिळतो आणि ज्या कप्प्यात तो अडकवला आहे तिथे ऑक्सिजनपासून जहाल रेणू तयार करतो. त्यासाठी विकरांची (एन्झाइमांची) साखळी लागते. जीसिक्सपीडी हे विकर एनएडीपीएच नावाचं इंधन पुरवत राहतं. एनएडीपीएच ऑक्सिडेज ते इंधन वापरून ऑक्सिजनचा सुपरऑक्साइड करतं, त्याचं पुढे हायड्रोजन पेरॉक्साइड होतं. मग मायलोपेरॉक्सिडेज हे तिसरं विकर क्लोराइड वापरून त्यापासून हायपोक्लोरस आम्ल बनवतं. पाणी शुद्ध करताना क्लोरीन हेच आम्ल बनवून जंतू मारतो.

मधलं विकर जन्मतःच निकामी असेल तर त्या आजाराला क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस डिसीज म्हणतात, थोडक्यात सीजीडी. पेशी जंतू गिळतात, पण त्यांना तो पचत नाही. मग शरीर त्याच्याभोवती आणखी पेशी जमवत राहतं आणि ग्रॅन्युलोमा तयार होतो. हा आजार साधारण दोन ते अडीच लाख जन्मांमागे एकाला होतो. १९५७ मध्ये मिनेसोटातल्या डॉक्टरांनी त्याचं वर्णन केलं तेव्हा त्याच्या नावातच 'प्राणघातक' हा शब्द होता. न्यूट्रोफिलना जंतू मारता येत नाही हे १९६७ मध्ये सिद्ध झालं. स्टॅफिलोकॉकस, बर्खोल्डेरिया, सेरेशिया, नोकार्डिया आणि ॲस्परजिलस बुरशी हे या मुलांचे ठरलेले शत्रू. आपल्याकडे त्यांत बीसीजी आणि खरा टीबीसुद्धा धरावा लागतो.

पाश्चात्त्य देशांत बहुतेक रुग्ण मुलगे असतात, कारण दोष एक्स गुणसूत्रावर असतो. नात्यातल्या लग्नांची चाल असलेल्या समाजांत मात्र आई आणि वडील दोघांकडून आलेला अप्रकट दोष जास्त दिसतो, आणि तो मुलींनाही होतो. थोरली बहीण तशीच गेली असेल तर आमचा रोख त्या दुसऱ्या प्रकाराकडेच जात होता.

पहिला निर्णय: टीबीची औषधं की तपासणी

वॉर्डात मतभेद झाले. एक बाजू म्हणे, औषधं सुरूच आहेत तर चालू द्या, मूल आजारी आहे, टीबी सुटला तर महागात पडेल. दुसरी बाजू म्हणे, ती चालू असतील तोवर पुढचा सगळा उपचार लंगडा राहील. सीजीडी निघाला तर बुरशीविरुद्ध इट्राकोनॅझोल लागणार आणि गळवासाठी कदाचित स्टेरॉइडही. टीबीच्या औषधांतलं रिफाम्पिसिन यकृताला असं कामाला लावतं की इट्राकोनॅझोलची रक्तातली पातळी जवळजवळ नाहीशी होते. प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडचाही जोर कमी होतो.

शेवटी मधला मार्ग निघाला. पू आणि जठरातलं पाणी टीबीच्या द्रव कल्चरला लावलं. त्याचा निकाल हाती यायला सहा आठवडे लागतात. तोवर टीबीची औषधं थांबवली, स्टॅफसाठी शिरेतून क्लोक्सासिलिन सुरू केलं आणि पेशींची तपासणी मागवली.

दुसरा निर्णय: मुलाला न्यायचं की रक्त

लागणारी चाचणी डीएचआर. न्यूट्रोफिलना डिवचायचं आणि त्यांच्या आतला रंग चमकतो का ते फ्लो सायटोमीटर या पेशी तपासणाऱ्या यंत्रावर पाहायचं. ही सोय आमच्या शहरात नाही. मुंबईत आहे. केईएमच्या आवारातल्या आयसीएमआरच्या संस्थेत अशा आजारांवर अनेक वर्षं काम होतं. पण न्यूट्रोफिल काही तासांतच थकतात, म्हणून नमुना चोवीस तासांत पोहोचावा लागतो. मुलाला रुग्णवाहिकेतून नेण्यापेक्षा रक्त पाठवणं सोपं होतं.

हिरव्या झाकणाची हेपॅरिनची नळी, बर्फ नाही, साधं खोलीचं तापमान. सोबत एका निवासी डॉक्टरचं, म्हणजे नात्याबाहेरच्या निरोगी माणसाचं रक्त, त्याच वेळी काढून त्याच डब्यात. हा दुसरा नमुना वरकरणी फालतू वाटतो आणि नेमका तोच विसरला जातो. वाटेत पेशी मेल्या असत्या तर दोन्ही नमुने बिघडलेले दिसले असते आणि घोळ तिथेच कळला असता. मुलाचा काका डबा मांडीवर घेऊन रात्रीच्या एसटीने गेला.

निरोगी नमुन्याची चमक शंभर पटींच्या घरात वाढली, मुलाची चार-पाच पट, तीही पसरट. आता साखळीतली तिन्ही विकरं संशयाच्या घेऱ्यात आली. मायलोपेरॉक्सिडेज नसेल तरी डीएचआर असाच बिघडलेला दिसतो, कारण त्या रंगाला चमकायला हे विकर लागतं. ही कमतरता सीजीडीपेक्षा कितीतरी सर्रास आढळते. पाश्चात्त्य देशांतल्या पाहण्यांत ती दोन ते चार हजारांमागे एकाला दिसली आहे, आणि तरीही बहुतेकांना आयुष्यभर काही होत नाही. फार तर मधुमेह असेल तर कँडिडा बुरशीचा त्रास. जीसिक्सपीडीची कमतरता आपल्याकडे कमी नाही, पण न्यूट्रोफिल लुळे पडायला ती अगदी टोकाची असावी लागते.

म्हणून जुनी एनबीटी चाचणी केली. फक्त काचपट्टी आणि सूक्ष्मदर्शक. मायलोपेरॉक्सिडेज नसलेल्या पेशीही यात निळ्या होतात, सीजीडीच्या होत नाहीत. मुलाच्या पेशी निळ्या झाल्या नाहीत. जीसिक्सपीडी नॉर्मल आलं, आणि ते तसंही पाहायचंच होतं, कारण पुढे द्यायच्या को-ट्रायमॉक्सॅझोल या प्रतिजैविकाने जीसिक्सपीडी कमी असलेल्यांच्या लाल पेशी फुटू शकतात. आईच्या डीएचआरमध्ये पेशींचा एकच, नॉर्मल गट दिसला. दोष एक्स गुणसूत्रावरचा असता तर बहुधा दोन गट दिसले असते. थोडी शिल्लक चमक, मुलगी गेल्याचा इतिहास, मामेबहिणीशी लग्न: सगळं एनएडीपीएच ऑक्सिडेजच्या पी-४७ या घटक प्रथिनाकडे बोट दाखवत होतं. पेशींत ते प्रथिन शोधलं तर नव्हतंच.

तिसरा निर्णय: 'नॉर्मल' जनुक अहवालाचं काय करायचं

कुटुंबाने पदरमोड करून जनुकांची मोठी तपासणी केली. अहवाल आला: दोष आढळला नाही. बापाला वाटलं, सुटलो. त्याला समोर बसवून सांगावं लागलं की आजार आहेच, या तपासणीच्या हाताला तो लागलेला नाही.

कारण तसं सरळ आहे. पी-४७ बनवणारं एनसीएफ-१ जनुक सातव्या गुणसूत्रावर असतं आणि त्याच्या शेजारीच त्याच्या दोन निकामी प्रती असतात, जवळपास हुबेहूब. सर्वाधिक आढळणारा दोष म्हणजे जनुकाच्या दुसऱ्या एक्सॉनच्या (तुकड्याच्या) सुरुवातीची दोन अक्षरं गळणं. निकामी प्रतींत ती गळलेलीच असतात. नेहमीच्या पद्धतीने वाचन करणाऱ्या यंत्राला कुठला तुकडा खऱ्या जनुकाचा आणि कुठला प्रतीचा हे नीट ओळखता येत नाही. अहवालाच्या शेवटी बारीक अक्षरात तशी सूचना होतीही. प्रतींचं प्रमाण मोजणारी वेगळी चाचणी केल्यावर दोन्हीकडून आलेली ती गळती सापडली.

उपचार

गळवासाठी दोन पर्याय होते. शस्त्रक्रिया करून तो भाग काढणं हा जुना आणि बराच काळ मान्य असलेला मार्ग. सीजीडीचं यकृतातलं गळू म्हणजे पातळ पुवाची पिशवी नसते, ते पडद्यांचं घट्ट गाठोडं असतं, म्हणून नळी घालून ते रिकामं होत नाही. अलीकडे प्रतिजैविकाबरोबर स्टेरॉइड देऊन पुष्कळ रुग्णांची शस्त्रक्रिया टळली आहे. पण जंतुसंसर्गात स्टेरॉइड, तेही टीबीची शंका पुरती फिटलेली नसताना? आधी जंतू आणि त्यावर चालणारं औषध पक्कं झाल्यावरच, दर किलोला रोज एक मिलिग्रॅम या हिशोबाने प्रेडनिसोलोन सुरू केलं आणि काही महिन्यांत हळूहळू उतरवलं. दुसऱ्या आठवड्यात ताप गेला. टीबीचं कल्चर निगेटिव्ह आलं. गळू आटलं.

पुढे रोज को-ट्रायमॉक्सॅझोल आणि इट्राकोनॅझोल. इंटरफेरॉन गॅमा या प्रतिकारपेशींना चेतवणाऱ्या प्रथिनाचाही विचार झाला. १९९१ मध्ये १२८ रुग्णांवरच्या चाचणीत त्याने गंभीर संसर्ग सुमारे सत्तर टक्क्यांनी कमी केले होते. पण आठवड्याला तीन इंजेक्शनं, तीही वर्षानुवर्षं, या घराला झेपणारी नव्हती. ते बाजूला ठेवलं.

आईला एक कार्ड दिलं. त्यावर मराठीत आणि इंग्रजीत आजाराचं नाव, चालू औषधं, ताप आला तर काय करायचं, आणि ठळक अक्षरांत: 'सिद्ध झाल्याशिवाय टीबी धरू नये, बुरशी आधी शोधावी.'

मे महिन्यातला प्रसंग

वर्षभर मुलगा बरा होता. वजन वाढलं, शाळेत जायला लागला. पुढच्या उन्हाळ्यात खरिपाआधी उकिरडा उपसून शेणखत शेतात टाकायचं काम निघालं. मुलगा ट्रॉलीवर बसून होता, खताला हातही लावला नाही. दहाएक दिवसांनी ताप, कोरडा खोकला, धाप. जवळच्या दवाखान्यात ऑक्सिजन ८६ टक्के भरला आणि एक्स-रेत दोन्ही फुप्फुसांभर बारीक ठिपके दिसले. तिथे निदान झालं: मिलिअरी, म्हणजे सगळीकडे पसरलेला टीबी. तिसऱ्यांदा.

आईने कार्ड पुढे केलं आणि गोळ्या सुरू न करता तिथल्या डॉक्टरांनी आम्हाला फोन केला. मी त्यांचे आभार इथेही मानतो. कुजलेल्या पालापाचोळ्यातून, खतातून, ओल्या कडब्यातून उडणारे बुरशीचे बीजाणू सीजीडीच्या मुलाने एकदम भरपूर श्वासात घेतले तर फुप्फुसं काही दिवसांत पेटतात. निम्मं नुकसान बुरशी करते आणि निम्मं शरीराची बेभान प्रतिक्रिया, म्हणून व्होरिकोनॅझोल या बुरशीविरोधी औषधाबरोबर स्टेरॉइडही द्यावं लागतं. मुलगा आठवडाभर अतिदक्षता विभागात राहिला आणि वाचला.

आम्ही दिलेल्या सूचनांच्या कागदावर 'धूळ-माती टाळा' असं छापलेलं होतं. शेतकऱ्याच्या घरात या वाक्याला काही अर्थ नाही. आता कागदावर लिहिलं आहे: उकिरडा उपसताना, शेणखत भरताना-पसरताना, गंजी मोडताना, गूळ किंवा धान्याची जुनी कोठी झाडताना मूल त्या जागी नको, आणि बघायलाही नको.

चौथा निर्णय: अस्थिमज्जेचं प्रत्यारोपण

पी-४७ प्रकार तुलनेने सौम्य. पेशींत थोडंबहुत सुपरऑक्साइड तयार होणारे रुग्ण जास्त जगतात, हे २०१० मध्ये मोठ्या रुग्णगटावर दिसून आलं. औषधांवर तिशी-चाळिशी गाठणारी माणसं आहेत. मग जिवावरचा धोका आत्ताच का घ्यायचा? उलट बाजूला धाकटी बहीण होती. तिच्या पेशी चांगल्या आणि ऊती पूर्ण जुळणाऱ्या. ती दोषाची वाहक होती, पण त्याने दाता म्हणून अडत नाही. बुसल्फान हे केमोथेरपीचं औषध कमी तीव्रतेने वापरून केलेल्या प्रत्यारोपणांत नव्वद टक्क्यांहून जास्त रुग्ण जगल्याचे निकाल २०१४ मध्ये अनेक देशांच्या केंद्रांतून एकत्र आले होते. पुढे मूल होण्याची क्षमता कमी होऊ शकते, हेही आईबापाला स्पष्ट सांगितलं.

तराजू कलला तो बापाच्या एका वाक्याने. "शेती सोडून जाऊ कुठं मॅडम, आणि शेतीत राहून याला उकिरड्यापासून किती वर्षं लपवू?" आमच्या समुपदेशक त्यावर काही बोलल्या नाहीत. पुस्तकात सौम्य लिहिलेला आजार त्या गोठ्याशेजारी सौम्य नव्हता.

पैशाचा प्रश्न होताच. दुर्मीळ आजारांच्या २०२१ च्या राष्ट्रीय धोरणात सीजीडीचा समावेश पहिल्या गटात, म्हणजे एकदाच करायच्या उपचाराने बरे होणाऱ्या आजारांत आहे. २०२२ मध्ये मदतीची मर्यादा ५० लाखांपर्यंत वाढली, पण नेमलेल्या उत्कृष्टता केंद्रांतूनच ती मिळते. मुंबईचं केईएम त्यांपैकी एक. कागदपत्रांत काही महिने गेले. या काळात मुलाला आजोळी, गोठा नसलेल्या घरी ठेवलं.

निष्पत्ती

सातव्या वर्षी प्रत्यारोपण झालं. वाटेत सायटोमेगॅलोव्हायरसने डोकं वर काढलं, अंगावर सौम्य पुरळ उठली, शाळेचं एक वर्ष बुडालं. वर्षभरानंतरच्या डीएचआरमध्ये बहुतेक सगळे न्यूट्रोफिल बहिणीकडून आलेले, चमकणारे होते. इट्राकोनॅझोल बंद झालं, लसीकरण नव्याने सुरू झालं. उंची अजून वयाच्या मानाने कमी आहे आणि ती पूर्ण भरून निघेल असं मला वाटत नाही.

काय वेगळं करता आलं असतं

सर्वांत स्वस्त संधी अडीचाव्या वर्षी होती. काढलेल्या गाठीचा अर्धा तुकडा सलाइनमध्ये टाकून कल्चरला पाठवला असता तर कदाचित जंतू सापडला असता. नसता सापडला तरी 'सुसंगत' या शब्दावर सहा महिन्यांचा उपचार उभा राहिला नसता. त्याच वेळी किती मुलं जिवंत आहेत याऐवजी किती जन्मली, असं विचारलं असतं तर थोरलीची गोष्ट अडीच वर्षं आधी कळली असती. आता आमच्या केस पेपरवर प्रश्न त्याच शब्दांत आहे.

डीएचआर कधी मागवायची यावर आमच्या गटात अजून एकमत नाही. काखेत बीसीजीची गाठ आलेल्या प्रत्येक बाळाची करावी असं मी म्हणणार नाही. ती गाठ आणि घरात एक मूल गेलेलं असेल तर करावी. किंवा जंतू न सापडता टीबीचा दुसरा कोर्स सुरू होणार असेल तर, पहिली गोळी देण्याआधी.

गेल्या वर्षी त्या घरी आणखी एक मुलगी जन्मली. दोष नेमका माहीत असल्याने गर्भातच तपासणी शक्य होती, पण ते आले तेव्हा पाचवा महिना उलटला होता आणि त्यांना ती नको होती. बाळाची बीसीजी रोखून ठेवली आणि पहिल्या आठवड्यात डीएचआर केली. अहवाल नॉर्मल आला, तेव्हा लस दिली. मधल्या काळासाठी आरोग्यसेविकेला लेखी चिठ्ठी द्यावी लागली, कारण लसीकरण कार्डावरचा तो रिकामा रकाना पाहून ती दोनदा घरी येऊन गेली होती.